साठीनंतरचा कॅमेरा

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही जपानला जाणार, तर कॅमेरा कुठला न्यायचा यावरून घरात रोज वाद! मुलगा म्हणतो फोन पुरे. हे म्हणतात, ते ओझं उचलणार कोण? मला मात्र इझाबेला बर्ड आठवते.

ही १८३१ सालची इंग्लंडची बाई. लहानपणापासून पाठीचं दुखणं, मणक्याजवळ ऑपरेशनही झालेलं. प्रवासाला धाडलं ते डॉक्टरांनीच. १८८० मध्ये बहीण गेली, १८८६ मध्ये नवरा. १८८९ मध्ये ती हिंदुस्थानात आली आणि श्रीनगर, अमृतसरला त्या दोघांच्या नावानं दवाखाने उभे केले. मला तर हेच जास्त मोठं वाटतं!

फोटो काढायला शिकली ती साठीच्या घरात. १८९४ मध्ये कोरियाला निघाली तेव्हा तिपाईचा कॅमेरा सात किलोचा, शिवाय हातातला दोन किलोचा. त्यांच्यासाठी तिनं चहाची किटली, हातआरसा, खाण्याचे डबे सगळं घरी ठेवलं. आपल्याला जमेल का हो, मैत्रिणींनो? १८९६ मध्ये चीनच्या यांगत्से नदीवर रात्री होडीतच अंधार करून ती फोटो धुवायची. पाणी नदीचंच, गढूळ. फोटोवर गाळ बसायचा, तरी धुवायचीच.

१९०४ मध्ये एडिंबरोला ती वारली, तेव्हाही पुन्हा चीनला जायचं मनात होतंच.

काल दुकानात अर्ध्या किलोचा कॅमेरा पसंत केला. मीच उचलणार आहे. मेतकुटाचा डबा मात्र सोबत नेणारच.