विजयदुर्गावरची दोन मिनिटे : सर नॉर्मन लॉकियर

पत्रादेवीचा नाका ओलांडून उत्तरेची वाट धरली की सावंतवाडी, कुडाळ, कणकवली मागे टाकत पेडणे-डिचोलीचा प्रवासी काही तासांत वाघोटण खाडीच्या मुखाशी असलेल्या विजयदुर्गावर पोहोचतो. मराठ्यांच्या आरमाराची साक्ष देणारे बुरूज पाहून झाले की वाटाड्या त्याला काही साधेसे ओटे दाखवतो. ते ‘साहेबाचे ओटे’ म्हणून प्रसिद्ध आहेत आणि तो साहेब म्हणजे इंग्रज खगोलशास्त्रज्ञ सर जोसेफ नॉर्मन लॉकियर. हेलियम वायूचा शोध १८६८ साली याच ओट्यांवरून लागला, असे तेथे हमखास सांगितले जाते. लॉकियर यांचे चरित्र मात्र वेगळी हकिकत सांगते.

लॉकियर यांचा जन्म १७ मे १८३६ रोजी इंग्लंडमधील रग्बी येथे झाला. खगोलशास्त्राची पदवी त्यांच्यापाशी नव्हती. १८५७ पासून ते लंडनच्या युद्ध खात्यात कारकुनी करीत आणि दिवसभराच्या फायली हातावेगळ्या झाल्या की रात्री स्वतःच्या सव्वासहा इंची दुर्बिणीतून आकाश न्याहाळीत. सूर्याच्या कडेवर उसळणाऱ्या ज्वाला त्या काळी केवळ खग्रास ग्रहणातच दिसत. वर्णपटदर्शकातून सूर्यप्रकाश पुरेसा फाकवला तर त्या ग्रहणावाचूनही दिसतील, हे लॉकियर यांनी ताडले होते. परंतु त्यासाठी हवे तसे उपकरण हाती नव्हते. रॉयल सोसायटीमार्फत मिळालेल्या अनुदानातून मागवलेले सात लोलकांचे उपकरण बरेच रखडून ऑक्टोबर १८६८ मध्ये त्यांच्या हाती आले.

सात लोलक म्हणजे अडचणीही सातपट. पहिल्या लोलकातून वळलेला किरण दुसऱ्यात, दुसऱ्यातला तिसऱ्यात जाणार. एक जरी केसभर हलला तरी वर्णपटातील रेषा जागची ढळणार. म्हणून लोलक पक्का बसवला पाहिजे, पण आवळून बसवता येत नाही, कारण दाबाखाली आलेल्या काचेचा स्वभाव पालटतो. अशी काच एकाच किरणाचे दोन किरण करू लागते, हे स्कॉटलंडचे डेव्हिड ब्रूस्टर यांनी त्याच शतकाच्या पूर्वार्धात दाखवून दिले होते. डोळ्यांना काच अखंड दिसते, परंतु प्रतिमा बिघडलेली असते.

२० ऑक्टोबर १८६८ रोजी लॉकियर यांना लंडनमध्ये, ग्रहण नसताना, सूर्याच्या कडेवरील ज्वालांच्या तेजस्वी रेषा दिसल्या. त्याआधी दोन महिने, १८ ऑगस्टच्या खग्रास ग्रहणात, फ्रेंच शास्त्रज्ञ पिएर जान्सन यांनी आंध्रातील गुंटूर येथून त्याच ज्वाला पाहिल्या होत्या आणि ग्रहण सुटल्यावरही त्या पाहता येतात हे सिद्ध केले होते. दोघांची पत्रे पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे एकाच दिवशी आली. पुढे फ्रान्सच्या सरकारने दोघांच्याही मुद्रा असलेले पदक पाडून त्यांचा सन्मान केला.

त्या रेषांमध्ये एक पिवळी रेषा होती. सोडियमच्या जोडरेषा ५८९.० आणि ५८९.६ नॅनोमीटरवर येतात, तर ही ५८७.६ च्या आसपास. अंतर एवढे थोडे की डळमळत्या लोलकातून ती सोडियमचीच म्हणून नोंदली गेली असती. ही रेषा पृथ्वीवरील कोणत्याही ज्ञात मूलद्रव्याची नाही, अशा निष्कर्षाला लॉकियर आले आणि सूर्याच्या ग्रीक नावावरून त्या अज्ञात द्रव्याला हेलियम हे नाव मिळाले. रसायनशास्त्रज्ञांनी दीर्घकाळ त्यावर विश्वास ठेवला नाही. १८९५ मध्ये विल्यम रॅमसे यांना युरेनियमयुक्त खनिजातून निघालेल्या वायूत तीच रेषा सापडली, तेव्हा सत्तावीस वर्षांनी लॉकियर यांचे म्हणणे खरे ठरले.

या काळात ग्रहणांचा पाठलाग त्यांनी सोडला नव्हता. १८७० मध्ये सिसिलीला जाताना त्यांचे जहाज किनाऱ्याजवळ फुटले. माणसे बचावली, पण ग्रहणाच्या वेळी ढगांनी घात केला. १८७१ मध्ये ते केरळातील बेकल येथे आले होते. १८९६ मध्ये नॉर्वेच्या उत्तर टोकाला मोठा सरंजाम नेला आणि तेथेही आभाळ आडवे आले. २२ जानेवारी १८९८ चे ग्रहण कोकणातून जाणार होते. त्याचा खग्रास पट्टा गोव्याच्या उत्तरेकडून गेल्याने आपल्याकडे सूर्य केवळ अंशतः झाकला जाणार होता, विजयदुर्गावर मात्र पूर्ण. एकसष्ट वर्षांचे लॉकियर विजयदुर्गावर आले ते या वेळी.

मेल्पोमिनी या युद्धनौकेचे कप्तान चिशोम-बॅटन आणि त्यांचे खलाशी मदतीला होते. कलकत्त्याचे प्राध्यापक पेडलर हेही सोबत होते. भिंगापुढे मोठा लोलक बसवलेले कॅमेरे हे या मोहिमेचे मुख्य साधन. खग्रास स्थिती सुमारे दोन मिनिटांची. त्यामुळे कोणी वेळ पुकारायची, कोणी काचपट्टी बदलायची, याची कवायत खलाशांकडून आधीच करून घेतली गेली.

अशा ठिकाणी काच सांभाळणे किती अवघड, ते एका साध्या हिशेबावरून कळते. पितळ तापल्यावर काचेच्या साधारण दुप्पट प्रसरण पावते. सहा इंची भिंग पितळी कड्यात बसवले आणि तापमान वीस अंशांनी बदलले, तर दोहोंच्या प्रसरणात सुमारे ०.०३ मिलिमीटरचा फरक पडतो. कागदाच्या जाडीहूनही कमी असला, तरी पिवळ्या प्रकाशाच्या तरंगलांबीच्या तो सुमारे पन्नास पट आहे. उन्हात कडे सैल होऊन भिंग हलते आणि थंडीत आवळून ते काचेला पिळते. म्हणून जाणता कारागीर कड्यात बेताची फट ठेवतो, काचेला तीनच ठिकाणी टेकू देतो आणि वरून हलक्या स्प्रिंगचा दाब ठेवतो. तीन पायांचे तिवई कोणत्याही जमिनीवर न डुगडुगता उभे राहते. चौथा पाय आला की एक तरी अधांतरी राहतो, आणि तो बळेच टेकवला तर काच वाकते. कड्याखाली नळी, नळीखाली तिकाटणे आणि त्याखाली वाऱ्याने वा पावलांनी न हादरणारा दगडी ओटा. काचेला मोकळीक द्यायची तर तिच्याखालचे सारे अचल असावे लागते.

त्या दिवशी आकाश निरभ्र राहिले. वर्णपटाची छायाचित्रे उत्तम आली आणि रॉयल सोसायटीने मोहिमेचा वृत्तांत प्रसिद्ध केला. त्याच दिवशी सोलापूर जिल्ह्यातील जेऊर येथे पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयाचे प्राध्यापक कावसजी दादाभाई नाईगमवाला आपली उपकरणे मांडून ग्रहण टिपत होते. पुण्यातील त्यांची वेधशाळा उभी राहण्यामागे लॉकियर यांचाही आग्रह होता.

लॉकियर यांनी १८६९ मध्ये सुरू केलेले नेचर हे साप्ताहिक पन्नास वर्षे संपादिले. त्यांचे सारेच तर्क टिकले नाहीत. प्रचंड उष्णतेत मूलद्रव्ये फुटून अधिक साधी द्रव्ये होतात, हे त्यांचे मत त्यांनी मांडलेल्या रूपात शास्त्राने स्वीकारले नाही. लंडनची सौर वेधशाळा केंब्रिजला हलवण्यास त्यांचा विरोध होता. तो डावलला गेला, तेव्हा उतारवयात त्यांनी सिडमथजवळच्या टेकडीवर नवी वेधशाळा उभारली. १६ ऑगस्ट १९२० रोजी त्यांचे तेथेच निधन झाले.

विजयदुर्गावर १८ ऑगस्टला हेलियम दिन साजरा होतो. विज्ञानाचे स्मरण होते ही आनंदाचीच गोष्ट. परंतु ती तारीख गुंटूरची आहे आणि पिवळ्या रेषेचा निवाडा झाला तो लंडनमध्ये. अर्ध्या मिलिमीटरचा दशांश जेथे चालत नव्हता, त्या शास्त्राचे स्मरण करताना तीस वर्षांची चूक चालवून घेऊ नये. विजयदुर्गाला स्वतःची तारीख आहे, २२ जानेवारी १८९८. त्या दुपारी कोकणच्या भूमीने दोन मिनिटे काचेला स्थिर आधार दिला. ओट्यांपाशी उभे राहणाऱ्या मुलांना एवढे सांगितले तरी पुरे.