जन्मगावाच्या बंदरात अडवलेला नागरिक

ऑगस्ट १८९५ मध्ये ‘कॉप्टिक’ ही आगबोट सॅन फ्रान्सिस्को बंदरात आली. तिच्यावरील वाँग किम आर्क हा विशीतला स्वयंपाकी आपल्याच गावी परतत होता. तरीही जकात अधिकाऱ्याने त्यांना उतरू दिले नाही.

वाँग यांचा जन्म १८७३ मध्ये याच शहरात चिनी आईवडिलांच्या पोटी झाला. १८८२ च्या कायद्याने चिनी मजुरांना अमेरिकेची दारे बंद झाली होती. म्हणूनच १८९४ मध्ये चीनला जाण्यापूर्वी वाँग यांनी आपल्या जन्माबाबत गोऱ्या साक्षीदारांच्या सह्यांचा दाखला करून घेतला होता. त्याचा उपयोग झाला नाही. चिनी मातापित्यांचे अपत्य अमेरिकी नागरिक होऊच शकत नाही, हे सरकारला न्यायालयाकडून वदवून घ्यायचे होते. सुमारे पाच महिने वाँग यांना किनाऱ्यालगतच्या बोटींवर कोंडून ठेवले गेले. एक बोट निघाली की दुसरीवर हलवायचे, असा हा प्रकार होता.

२८ मार्च १८९८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध दोन मतांनी त्यांच्या बाजूने निकाल दिला. अमेरिकेत स्थायिक परदेशी दांपत्याचे तेथे जन्मलेले मूल १४ व्या घटनादुरुस्तीनुसार जन्मतःच नागरिक ठरते, असा त्याचा आशय होता. पुढे तेथे जन्मलेल्या कितीतरी मराठी मुलांना नागरिकत्व मिळाले ते याच आधारावर. जानेवारी २०२५ मध्ये अध्यक्षांच्या आदेशाने या हक्कावर घाला घातला, तेव्हाही न्यायालयात वाँग यांच्याच खटल्याचा दाखला दिला गेला.

खुद्द वाँग यांना मात्र या निकालाने स्वस्थता लाभली नाही. १९०१ मध्ये टेक्सासमधील एल पासो या सीमेवरील शहरात त्यांना बेकायदा चिनी समजून अटक झाली आणि जामिनावर सुटून पुन्हा आपले नागरिकत्व शाबीत करावे लागले. १९१० मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागरातील एंजल बेटावर स्थलांतरितांचे ठाणे सुरू झाले. त्याच वर्षी थोरला मुलगा चीनहून तेथे पोहोचला. अशा ठाण्यांत बाप आणि मुलगा यांना वेगवेगळे बसवून गावातील घरे, शेजारी, नातेवाईक यांविषयी बारीकसारीक प्रश्न विचारीत. (आपल्यापैकी कितीजण या परीक्षेत उतरतील?) दोघांची उत्तरे जुळली नाहीत. जानेवारी १९११ मध्ये मुलाला परत पाठवण्यात आले. धाकट्या तिघांना प्रवेश मिळाला, तो १९२० च्या दशकात.

प्रत्येक चीनवारीपूर्वी वाँग यांना तीच चौकशी, तेच अर्ज. १९३१ मध्ये ते पुन्हा चीनला गेले. तेथून परतले नाहीत. बहिष्काराचा कायदा रद्द झाला १९४३ मध्ये.