बाबासाहेबांचे अर्ज आणि आमची मुले

चौदा एप्रिल जवळ आला की आमच्या राळेगावातही निळे झेंडे लागतात, कमानी उभ्या राहतात आणि फलकांवर बाबासाहेबांच्या नावापुढे पदव्यांची रांग लागते. एम.ए., पीएच.डी., एम.एस्सी., डी.एस्सी., बार-ॲट-लॉ, एलएल.डी., डी.लिट. लहान लेकरे ही रांग तोंडपाठ म्हणून दाखवतात आणि आम्ही टाळ्या वाजवतो. टाळ्या वाजवल्याच पाहिजेत. पण यातील एकेक पदवी कोणत्या साली, कोणाच्या पैशाने आणि किती अर्जविनंत्या केल्यावर मिळाली, हे त्या कमानीखाली उभ्या असलेल्या किती जणांना सांगता येईल?

हा प्रश्न आम्हाला पडला तो एका मुलामुळे. आईबाप दुसऱ्याच्या वावरात कापूस वेचतात. पोरगा शिकला, इंग्रजीची परीक्षा पास झाला आणि विलायतेच्या एका विद्यापीठाचे प्रवेशपत्र हातात घेऊन आमच्याकडे प्रतिज्ञापत्र करायला आला. शिष्यवृत्तीच्या कागदांना जामीनदार हवा होता, उत्पन्नाचा दाखला हवा होता आणि मुदत चार दिवसांची उरली होती. दाखला मुदतीत मिळाला नाही. मुलगा म्हणाला, साहेब, संपलं सगळं. त्याला धीर द्यायला आमच्याकडे दुसरे काही नव्हते, म्हणून आम्ही बाबासाहेबांचे चरित्र पुन्हा उघडले. यावेळी ते वकिलाच्या नजरेने वाचले. तारखा, करार आणि अर्ज पाहत वाचले. जे दिसले ते वाचकांपुढे मांडतो.

सुभेदार रामजींचा हा मुलगा १९०७ साली मॅट्रिक झाला. केळुस्कर गुरुजींनी त्याची गुणवत्ता हेरली आणि बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्यापर्यंत पोहोचवली. महाराजांनी महिना २५ रुपयांची शिष्यवृत्ती दिली म्हणून एल्फिन्स्टन कॉलेजचे शिक्षण पुरे होऊ शकले. १९१२ साली बी.ए. झाल्यावर भीमराव बडोद्याच्या नोकरीत गेले, पण २ फेब्रुवारी १९१३ रोजी रामजीबाबांचे निधन झाले. ज्या बापाने पोटाला चिमटा घेऊन शिकवले, तो बाप मुलाचे पुढचे शिक्षण पाहायला उरला नाही.

त्याच वर्षी बडोदा सरकारने काही विद्यार्थ्यांना अमेरिकेला पाठवायचे ठरवले. ४ जून १९१३ रोजी भीमरावांनी बडोदा संस्थानाशी करार केला. नेमून दिलेल्या विषयांचाच अभ्यास करायचा आणि शिक्षण संपल्यावर दहा वर्षे संस्थानाची नोकरी करायची, या त्यातील मुख्य अटी होत्या. बदल्यात दरमहा साडेअकरा पौंड, मुदत तीन वर्षे. आजची मुले ज्याला बाँड म्हणतात, तोच हा कागद. बाबासाहेबांचे परदेशी शिक्षण सहीशिक्क्याच्या कागदाने सुरू झाले, हे ध्यानात ठेवले पाहिजे.

जुलै १९१३ मध्ये ते न्यूयॉर्कला उतरले आणि कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. तेथे नवल भथेना या पारशी तरुणाशी मैत्री जुळली, ती जन्मभर टिकली. सेलिग्मन, ड्यूई यांच्यासारखे नामांकित प्राध्यापक लाभले. अर्थशास्त्र मुख्य विषय, पण इतिहास, समाजशास्त्र, तत्त्वज्ञान, मानववंशशास्त्र हेही घेतले. शिवाय फ्रेंच आणि जर्मन भाषेची ओळख करून घेतली. भारताच्या आर्थिक इतिहासावर प्रबंध लिहून जून १९१५ मध्ये ते एम.ए. झाले. ९ मे १९१६ रोजी गोल्डनवायझर यांच्या परिसंवादात त्यांनी भारतातील जातींवरचा निबंध वाचला. पंचविशीतला एक अस्पृश्य विद्यार्थी, हजारो मैलांवर बसून, जात कशी तयार होते आणि बेटीबंदी तिला कशी टिकवते, हे जगातील विद्वानांना समजावून सांगत होता!

त्याच वर्षी ते लंडनला गेले. ऑक्टोबरमध्ये लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये आणि ११ नोव्हेंबर १९१६ रोजी बॅरिस्टरीसाठी ग्रेज इनमध्ये नाव घातले. आणि येथे शिष्यवृत्तीची मुदत आडवी आली. बडोद्याच्या दिवाणांनी परत बोलावले. प्रबंध अर्धा, बॅरिस्टरी अर्धी आणि खिसा रिकामा!

अशा वेळी दुसऱ्या कोणी नशिबाला दोष देऊन गाठोडे बांधले असते. बाबासाहेबांनी आधी लेखी परवानगी मिळवली. ऑक्टोबर १९१७ पासून चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करण्याची मुभा त्यांनी लंडन विद्यापीठाकडून पदरात पाडून घेतली आणि मगच बोटीत पाय ठेवला. आमच्या मते संपूर्ण चरित्रातील हा एक कागद आज आमच्या प्रत्येक विद्यार्थ्याने भिंतीवर लावावा असा आहे. अर्धे राहिलेले शिक्षण म्हणजे बुडालेले शिक्षण नव्हे. मात्र मुदत मागावी लागते, आणि ती लेखी मागावी लागते.

ते महायुद्धाचे दिवस होते. बाबासाहेब सुखरूप आले, पण त्यांचे सामान ज्या बोटीवर होते ती पाणतीराने बुडवली. पोट मारून घेतलेली पुस्तके समुद्रात गेली. सामानाच्या भरपाईदाखल थॉमस कुक कंपनीने जी रक्कम दिली, तीतूनच बडोद्याला जाण्याची सोय झाली. करार पाळायला निघालेला माणूस बुडालेल्या पुस्तकांच्या पैशातून तिकीट काढून निघाला होता.

बडोद्याने काय दिले, ते सर्वांना ठाऊक आहे. कचेरीत शिपाई लांबूनच फायली टाकत. राहायला जागा मिळेना. पारशी धर्मशाळेत नाव लपवून राहावे लागले आणि तेथूनही काठ्या घेऊन आलेल्या जमावाने हुसकावले. त्या दिवशी झाडाखाली बसून आलेल्या आसवांचा इतिहास आम्ही दरवर्षी सांगतो. वकील म्हणून एवढेच जोडतो की, दहा वर्षांच्या नोकरीचा करार बाबासाहेबांनी मोडला नाही. जातीने तो पाळणे अशक्य करून ठेवले. महाराज उदार होते, पण त्यांच्या कचेरीचा कारभार जातीच्या हाती होता. शिष्यवृत्ती देणारा हात एक आणि फाईल हलवणारा हात दुसरा, हे तेव्हाही खरे होते.

मुंबईला परतल्यावर नोव्हेंबर १९१८ मध्ये ते सिडनहॅम कॉलेजात ४५० रुपये पगारावर प्राध्यापक झाले. या पगाराकडे पाहून कोणीही स्थिरावला असता. बाबासाहेबांचे लक्ष मात्र चार वर्षांच्या मुदतीवर होते. त्यांनी काटकसर करून पैसा साठवला. मधल्या काळात ३१ जानेवारी १९२० रोजी मूकनायक सुरू केले, मार्चमध्ये माणगावची परिषद झाली आणि राजर्षी शाहू महाराजांशी स्नेह जुळला. नोकरी सोडून जुलै १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला निघाले. स्वतःची बचत, शाहू महाराजांची मदत आणि मित्र भथेनांकडून घेतलेले पाच हजारांचे कर्ज, एवढी शिदोरी.

यावेळीही कागदाचे महत्त्व ते विसरले नाहीत. कोलंबियाच्या सेलिग्मन यांनी लंडनच्या प्राध्यापक फॉक्सवेल यांना सप्टेंबर १९२० मध्ये शिफारसपत्र लिहिले. शिफारस म्हटली की आमच्याकडे वशिला आठवतो. पण शिक्षकाने विद्यार्थ्याच्या कामाची दिलेली साक्ष हा वशिला नव्हे. ती मागण्यात कमीपणा नाही. पुढे जर्मनीतील बॉन विद्यापीठात शिकायचे मनात आले, तेव्हा फेब्रुवारी १९२१ मध्ये त्यांनी बर्लिनच्या मंत्रालयाकडे स्वतः जर्मन भाषेत अर्ज लिहून पाठवला. कोलंबियात शिकलेली जर्मन अशी कामी आली. एप्रिल १९२२ मध्ये बॉनला नाव दाखल झाले, पण तेथील शिक्षण पुरे होऊ शकले नाही. गैरहजेरीमुळे नाव कमी झाले. होय, बाबासाहेबांचाही एक प्रवेश वाया गेला. हे सांगण्यात त्यांचा अवमान नाही. उलट, एका ठिकाणी नाव कमी झाले म्हणून आयुष्य संपले असे मानणाऱ्या मुलांना हे सांगितलेच पाहिजे.

लंडनच्या किंग हेन्रीज रोडवरील १० क्रमांकाच्या घरात ते राहिले. ते घर २०१५ साली महाराष्ट्र शासनाने विकत घेतले आणि आज ते स्मारक आहे. त्या घरात अर्धपोटी राहून त्यांनी जून १९२१ मध्ये एम.एस्सी. आणि जून १९२२ मध्ये बॅरिस्टरी मिळवली. रुपयाच्या प्रश्नावरचा डी.एस्सी.चा प्रबंध परीक्षकांनी सुधारून आणायला सांगितला. तोवर पैसे संपले होते. एप्रिल १९२३ मध्ये ते मुंबईला आले, येथूनच प्रबंध दुरुस्त करून पाठवला आणि त्याच वर्षाअखेर डी.एस्सी. पदरात पडली. कोलंबियाची पीएच.डी. तर प्रबंध छापून दिल्यावर १९२७ साली हाती आली. १९१३ ते १९२७, एकूण चौदा वर्षांचा हा हिशेब आहे! एलएल.डी. आणि डी.लिट. या पुढे १९५२ आणि १९५३ साली कोलंबिया व उस्मानिया विद्यापीठांनी सन्मानाने दिल्या.

या हिशेबात एक नाव फलकावर येत नाही. माता रमाईंनी तुटपुंज्या पैशात घर चालवले. पाच लेकरांपैकी एकटे यशवंतराव जगले. त्या पदव्यांच्या रांगेत माता रमाईंचाही वाटा आहे, हे विसरणारा बाबासाहेबांचा अनुयायी म्हणवून घेऊ शकत नाही.

आणि बाबासाहेबांनी स्वतःपुरते शिकून दार लावून घेतले नाही. १९४२ साली व्हाईसरॉयच्या कार्यकारी मंडळात जाताच त्यांनी त्याच वर्षी सरकारला निवेदन दिले आणि अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या उच्च शिक्षणासाठी वर्षाला तीन लाख रुपये मंजूर करून घेतले. त्यातून आमचे विद्यार्थी विलायतेला गेले. केंद्राची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती १९५४-५५ पासून सुरू झाली आणि महाराष्ट्रात राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची योजना आली, ती याच वाटेवर. ही कोणाची मेहरबानी नाही, हा बाबासाहेबांनी मिळवलेला हक्क आहे.

म्हणूनच या हक्काला कात्री लागते तेव्हा गप्प बसता येत नाही. २०२२ साली केंद्र सरकारने राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीतून भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतावरील सामाजिक अभ्यास हे विषय वगळले. वाचकहो, विचार करा. हाच नियम १९१३ साली असता तर जातींवर निबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्याचे काय झाले असते? बडोद्याच्या महाराजांनी ज्या प्रकारच्या अभ्यासाला पैसा दिला, तो अभ्यास करायला स्वतंत्र भारताचे सरकार आमच्या मुलांना मनाई करते! जातीचा अभ्यास जगाच्या विद्यापीठांत आमच्या मुलांनी करायचा नाही, तर मग कोणी करायचा?

या नियमाविरुद्ध लढावे लागेल. पण ज्यांनी लढायचे त्यांनी घरचेही काम करावे. जयंतीच्या वर्गणीतला काही भाग तालुक्यातील मुलांच्या अर्जांसाठी, परीक्षा शुल्कासाठी, व्हिसासाठी बाजूला काढता येणार नाही का? नोकरदार बांधवांनो, गावच्या पोरासाठी जामीनदार म्हणून एक सही करायला हात का कापतो? आमच्या वकील मित्रांनी या कागदांची फी घेऊ नये. आम्ही घेत नाही.

तो मुलगा दुसऱ्या दिवशी पुन्हा आला. आम्ही त्याला चार वर्षांच्या मुदतीची हकीकत सांगितली आणि त्याच टेबलावर बसून त्याने विद्यापीठाला पत्र लिहिले, प्रवेश पुढच्या वर्षापर्यंत राखून ठेवावा अशी विनंती केली. तीन आठवड्यांनी होकार आला. आता दाखले वेळेत काढायचे आहेत आणि जामीनदार शोधायचा आहे. दोन शिक्षकांनी तयारी दाखवली आहे.

येत्या जयंतीला फलकावर पदव्यांची रांग जरूर लिहा. जमल्यास प्रत्येक पदवीपुढे तिचे साल लिहा. लेकरे तेही पाठ करतील, आणि एखादे लेकरू विचारेल की मधल्या वर्षांत बाबासाहेब काय करत होते. तेव्हा त्याला सांगा, ते अर्ज लिहीत होते, कर्ज काढत होते, मुदत मागत होते, आणि परत जात होते.

जय भीम!