हाफकिन साहेबांची सुई

परवा वांद्र्याला एका मयताच्या मिस्साला जाणे झाले. परतताना जुन्या पाखाडीतून चालत निघालो, तर वळणावळणावर क्रूस. काहींच्या चौथऱ्यावर सन कोरलेले. हे प्लेगचे क्रूस. १८९६ साली मुंबईत गाठीचा प्लेग आला, त्यानंतरच्या वर्षांत लोकांनी रक्षणासाठी आणि नवसाने ते उभे केले. आमच्यासोबत आपल्याच धर्मग्रामातला एक तरुण होता. त्याने विचारले की तेव्हा या रोगावर काहीच इलाज नव्हता का? औषध नव्हते, पण लस होती आणि ती याच मुंबईत तयार झाली होती. मात्र ती टोचून घ्यायला लोक तयार होत नव्हते. ज्याने ती तयार केली त्याचे नाव परळच्या संस्थेवर आहे. पोलिओचे थेंब, साप चावल्यावरची लस यांच्या निमित्ताने ते नाव आपण सगळे घेतो. पण हाफकिन हा माणूस कोण, हे आपल्यात फार थोड्यांना ठाऊक असेल. आम्हालाही सेमिनरीत असेपर्यंत तो कोणी इंग्रज डॉक्टर वाटत असे.

तो इंग्रज नव्हता आणि वैद्यकीय डॉक्टरही नव्हता. वाल्डेमार हाफकिन यांचा जन्म १८६० साली रशियन साम्राज्यातील ओडेसा शहरात एका ज्यू कुटुंबात झाला. विद्यापीठात ते जीवशास्त्र शिकले. मेच्निकॉफ हे त्यांचे गुरू. हुशारी असूनही पुढे प्राध्यापक होण्याचा मार्ग बंद होता, कारण ते ज्यू होते. रशियन ऑर्थोडॉक्स पंथाची दीक्षा घेतली असती तर दार उघडले असते. त्यांनी ती घेतली नाही. नोकरीसाठी बाप्तिस्मा मागणाऱ्या त्या व्यवस्थेबद्दल आम्हा ख्रिस्ती लोकांना लाज वाटली पाहिजे, एवढे लिहून पुढे जातो.

१८८८ मध्ये त्यांनी देश सोडला. जिनिव्हात काही काळ काढून ते पॅरिसला पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये आले आणि मिळाली ती ग्रंथालयातली जागा धरली. तिथे त्यांनी पटकीवर, म्हणजे कॉलऱ्यावर लस तयार केली आणि जुलै १८९२ मध्ये पहिली सुई स्वतःला टोचून घेतली. दुसऱ्याच वर्षी ते कलकत्त्याला आले. तिथल्या बस्त्यांमध्ये लोकांनी त्यांच्यावर दगड फेकल्याची हकिगत सांगितली जाते. जमावासमोर त्यांनी आधी स्वतःला टोचून घेतले, तेव्हा लोक शांत झाले. हे खरे तर त्यांच्या सबंध आयुष्याचे सूत्र आहे.

आता मुंबईकडे येऊ. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात तापाने माणसे पटापट मरू लागली. हा प्लेग आहे हे ओळखले ते डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी. हे आपल्यापैकीच, गोव्यातील हडफड्याचे. ऑक्टोबरमध्ये सरकारने हाफकिन यांना मुंबईला बोलावले. तोपर्यंत शहरात घबराट पसरली होती आणि लोक गावाकडे पळू लागले होते. प्लेगचा जंतू १८९४ मध्ये सापडला होता, पण तो उंदरांवरच्या पिसवांमार्फत पसरतो हे कळायला आणखी काही वर्षे लागायची होती. सरकार गटारे धूत होते, घरांना चुना फासत होते, लोकांची भांडीकुंडी रस्त्यावर काढून जाळत होते. घरात आजारी सापडला की त्याला उचलून इस्पितळात नेत. तिथून बहुतेकांचे प्रेतच परत येई. मग लोक आजाऱ्यांना लपवू लागले. इस्पितळात माणसे मारून त्यांचे तेल काढतात, अशी अफवा पसरली. ऑक्टोबरमध्येच गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोड इस्पितळावर हल्ला केला. पुण्यात घरझडतीला गोरे सोजीर घातले, त्याचा शेवट जून १८९७ मध्ये रँडवर गोळी झाडली जाण्यात झाला, हे शाळेत आपण सगळेच शिकलो आहोत.

आता या लोकांना अडाणी म्हणायचे का? आम्हाला तसे वाटत नाही. जो हात दार फोडून आत येतो, त्याच हातातली सुई विश्वासाने कोण घेईल? त्यांनी जे डोळ्यांनी पाहिले त्यावरून ते भ्याले. चूक झाली ती पुढच्या पायरीवर. लस टोचून आलेल्याला दोन दिवसांनी प्लेग झाला, म्हणजे तो लसीनेच झाला, असे लोक धरून चालले. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडते, ती ही. रोगाची लागण आधीच झालेली असू शकते, हे सांगायला कोणी नव्हते. आणि सांगणारे होते त्यांच्या हातात बंदूक होती.

हाफकिन यांना भायखळ्याला ग्रँट मेडिकल कॉलेजात एक खोली, एक व्हरांडा, एक कारकून आणि तीन शिपाई मिळाले. एवढ्यावर तीन महिन्यांत लस तयार झाली. प्लेगचे जंतू मांसाच्या रसात वाढवायचे, वर तुपाचे थेंब तरंगत ठेवायचे, म्हणजे जंतू तुपाखाली लोंबत वाढतात. मग उष्णता देऊन ते मारायचे. या रसासाठी गाय आणि डुक्कर वर्ज्य करून त्यांनी बकऱ्याचे मांस वापरले. आपण कोणाच्या अंगात काय घालतो आहोत, याचे भान त्या परक्या माणसाला होते. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी नेहमीपेक्षा मोठी मात्रा आधी स्वतःला टोचून घेतली. सणकून ताप आला, तो अंगावर काढला. त्याच महिन्यात भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला, तेव्हा तयार झालेल्या कैद्यांना लस दिली गेली. टोचलेले बहुतेक वाचले, न टोचलेल्यांतले काही दगावले. कैद्याची संमती कितपत मोकळी असते, हा प्रश्न आमच्या मनातून जात नाही, पण त्या काळी तो कोणी विचारला नाही.

पुढे तरुण आगाखानांनी स्वतः सर्वांसमोर लस घेतली, हाफकिन यांना आपली एक वास्तू दिली आणि खोजा समाजातले हजारो लोक पुढे आले. त्याच वर्षी पोर्तुगीज अंमलातील दमणमध्ये सुमारे २,२०० जणांनी लस घेतली, त्यांतले ३६ मेले. न घेतलेले सुमारे ६,००० होते, त्यांतले १,४८२ मेले. हे आकडे पाहून कोणालाही पटेल असे आज वाटते. पण आकड्यांनी भीती जात नाही. लसीने पुंसत्व जाते, माणूस जागीच मरतो, असे लोक बोलत राहिले. शिवाय खरोखर दोन दिवस ताप येई आणि गिरणीतला खाडा पगारातून कापला जाई. २०२१ मध्ये आम्ही स्वतः कोविडची लस घ्यायला दोन आठवडे टाळाटाळ केली होती, हे इथे कबूल करायला हरकत नाही.

१८९९ मध्ये परळच्या जुन्या गव्हर्नर बंगल्यात मोठी प्रयोगशाळा उघडली, हाफकिन तिचे प्रमुख झाले. आणि मग मुल्कोवाल घडले. पंजाबातल्या या गावात ३० ऑक्टोबर १९०२ रोजी १०७ जणांना लस टोचली गेली. त्यांतल्या १९ जणांना धनुर्वात झाला आणि ते एकोणीसही मेले. सगळ्यांना एकाच बाटलीतली लस मिळाली होती. दुसऱ्या बाटल्यांतली लस घेतलेल्या ८८ जणांना काही झाले नाही. बाटली परळहून आली होती. हाफकिन यांनी निर्जंतुक करण्याच्या पद्धतीत कार्बोलिक ॲसिड गाळून केवळ उष्णतेवर भर दिला होता, ते निमित्त पुरले. चौकशी आयोगाने दोष प्रयोगशाळेवर ठेवला. हाफकिन यांना पदावरून दूर केले गेले.

वास्तविक त्या दिवशी गावात बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच त्याने बूच काढले होते. धनुर्वाताचे जंतू मातीतच असतात. बाटलीत ते आधीपासून वाढलेले असते तर घाण वास आला असता. टोचणाऱ्या डॉक्टरांनी वास घेतला होता, तसा वास नव्हता. हे सर्व कागदोपत्री नोंदलेले होते. तरी ते लोकांपुढे येऊन त्याचा विचार व्हायला जवळजवळ पाच वर्षे गेली. १९०७ मध्ये रोनाल्ड रॉस आणि इतर नऊ शास्त्रज्ञांनी लंडनच्या टाइम्समध्ये पत्र लिहून न्याय मागितला, तेव्हा सरकारने त्यांना दोषमुक्त केले. अफवेवर जसा गरीब मजुरांनी विश्वास ठेवला, तसाच मोठ्या साहेबांनीही ठेवला होता. तो परका, त्यातून ज्यू, आणि वैद्यकीय पदवी नसलेला. त्याच्याकडून चूक झाली असणार, हे त्यांनी आधीच ठरवले होते.

हाफकिन परत हिंदुस्थानात आले, पण परळची जागा मिळाली नाही. कलकत्त्याला नेमले, तेही माणसांवर प्रयोग न करण्याच्या अटीवर. पंचावन्नाव्या वर्षाच्या सुमारास निवृत्त होऊन ते युरोपला गेले. लग्न केले नव्हते. उतारवयात ज्यू धर्माचे आचार ते कसोशीने पाळू लागले आणि आपली मिळकत त्यांनी पूर्व युरोपातल्या ज्यू धर्मशाळांतील विद्यार्थ्यांसाठी ठेवली. १९२५ मध्ये परळच्या प्रयोगशाळेला त्यांचे नाव दिले गेले, तेव्हा त्यांनी आभाराचे पत्र पाठवले आणि आपल्या आयुष्याची उत्तम वर्षे मुंबईतच गेली असे त्यात कळवले. मुल्कोवालविषयी त्यांनी काही तक्रार केली नाही. २६ ऑक्टोबर १९३० रोजी स्वित्झर्लंडमधील लोझान येथे त्यांचे निधन झाले.