कुलूपकर्ते आर्देशीर गोदरेज

कुलपे बनविणारा मनुष्य चरित्राचा विषय होऊ शकतो, असे मला फार दिवस वाटले नव्हते. संत, सेनानी, समाजसुधारक यांची चरित्रे आपण वाचतो; दाराला लटकणाऱ्या वस्तूच्या कर्त्याची चौकशी कोण करतो? ती करण्याची बुद्धी मला उज्जैनला, देवास गेटपाशी झाली.

आमची सहल तेथील बसस्थानकावर उतरली होती. वीस मुलांच्या परतीच्या प्रवासाचे पैसे पत्र्याच्या एका लहान पेटीत होते, आणि पेटीच्या कुलपाची किल्ली वाटेत कुठेतरी पडली होती. जवळच रस्त्याच्या कडेला एक किल्लीवाला बसलेला. पेटी कोणाची, आत काय आहे, हे त्याने आधी नीट विचारून घेतले. मग एक वाकवलेली तार कुलपात घातली, आणि अर्ध्या मिनिटात कुलूप उघडले. मुलांना आनंद झाला. मला मात्र काळजी वाटली. त्याने निदान विचारले तरी. न विचारता उघडणाऱ्यालाही एवढाच वेळ लागला असता! माझे कुतूहल पाहून त्याने तसलेच एक फुटके कुलूप दाखविले. आत एक स्प्रिंग आणि दोन-तीन अडथळे, बाकी सारी पोकळी. बाहेरून मात्र झकास चकाकी.

कापड चाचपून घेता येते, तांदूळ चावून पाहता येतो. पण कुलपाचे अंतरंग गिऱ्हाइकाला कधीच दिसत नाही. ते निव्वळ विश्वासावर घ्यावे लागते. आर्देशीर गोदरेज यांचे चरित्र पुढे वाचले तेव्हा ही गोष्ट मला सारखी आठवत राहिली.

आर्देशीर यांचा जन्म १८६८ साली मुंबईतील पारशी कुटुंबात झाला. ऐन तारुण्यात, १८९१ साली, त्यांची पत्नी बचुबाई राजाबाई टॉवरवरून पडून मरण पावली. आर्देशीरांनी पुन्हा लग्न केले नाही. कायद्याचे शिक्षण घेऊन ते १८९४ साली एका खटल्यासाठी आफ्रिकेच्या किनाऱ्यावरील झांजिबारला गेले. तेथे पक्षकाराच्या वतीने जे मांडायचे ते त्यांना खरे वाटेना. त्यांनी ते मांडण्यास नकार दिला, आणि वकिलीलाच रामराम ठोकून ते मुंबईस परतले.

मग वडिलांच्या स्नेह्याकडून, मेरवानजी कामा यांच्याकडून, तीन हजार रुपये कर्ज घेऊन त्यांनी शस्त्रक्रियेची हत्यारे बनविली. माल उत्तम उतरला. परंतु विकत घेणाऱ्याची अट अशी, की हत्यारांवर हिंदुस्थानात बनल्याची खूण नको. आर्देशीरांनी ती मान्य केली नाही. धंदा बुडाला, कर्ज डोक्यावर राहिले. तरीही कामांनी त्यांच्यावरचा विश्वास काढून घेतला नाही.

याच सुमारास मुंबईत घरफोड्या वाढल्याच्या बातम्या त्यांच्या वाचनात आल्या, आणि १८९७ साली लालबागेत गॅस कंपनीशेजारच्या एका लहानशा शेडमध्ये कुलपांचा कारखाना सुरू झाला. चांगल्या कुलपाची विद्या तोवर बरीच पुढे गेली होती. लिव्हरच्या कुलपात धातूच्या पट्ट्या एकावर एक असतात, आणि किल्लीच्या प्रत्येक दात्याने आपापली पट्टी नेमक्या उंचीवर उचलावी लागते. कमी उचलली तरी अडते, जास्त उचलली तरी अडते. कन्नडमध्ये किल्लीला ‘बीगद कै’, म्हणजे कुलपाचा हात म्हणतात. त्याचा अर्थ येथे पटतो. अशी कुलपेही अजिंक्य नव्हती. १८५१ च्या लंडनच्या प्रदर्शनाच्या वेळी हॉब्ज या अमेरिकन कारागिराने चब कंपनीचे नावाजलेले कुलूप २५ मिनिटांत उघडून दाखविले होते. आर्देशीरांनी आपले सारे लक्ष दिले ते न दिसणाऱ्या भागांकडे. स्प्रिंग थकते, गंजते, तुटते, म्हणून त्यांनी स्प्रिंगच नसलेले कुलूप तयार केले आणि त्याचे पेटंट घेतले. पाठोपाठ तिजोऱ्या आल्या. धाकटे बंधू पिरोजशा यांनी कारखान्याचा व्याप सांभाळला.

पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस त्यांनी प्राण्यांच्या चरबीऐवजी वनस्पती तेलापासून साबण बनविला. त्याचे नावही ‘चावी’ ठेवले! साबणात चरबी आहे की तेल, हेही गिऱ्हाइकाला डोळ्यांनी कळत नाही. तेथेही दुकानदाराच्या शब्दावरच भिस्त. टिळक स्वराज्य फंडाला १९२१ साली त्यांनी तीन लाख रुपये दिले. उतारवयात नाशिकजवळ शेतीचे प्रयोग केले. १९३६ साली त्यांचे निधन झाले.

आज कुलूप घेताना आपण किंमत विचारतो, चकाकी पाहतो, फार तर ओढून बघतो. वकिली सोडताना आणि हत्यारांचा धंदा बुडू देताना आर्देशीरांचे नुकसान रोकडे होते; त्यातून मिळालेली पत मात्र हिशेबाच्या वहीत मांडता येण्यासारखी नव्हती. पण तिच्यावरच पुढे कारखाना उभा राहिला, असे मला वाटते.

ती पत त्यांच्यामागेही टिकली. १९५१-५२ साली स्वतंत्र भारताची पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली, तेव्हा लाखो मतपेट्या विक्रोळीच्या गोदरेज कारखान्यात बनल्या. आत पडलेली चिठ्ठी सुखरूप राहील, एवढ्या भरवशावर खेड्यापाड्यांतील माणसांनी आपले पहिले मत त्या पेट्यांत टाकले.