लेडी एडा लव्हलेस

संगणकासाठीं आज्ञावली लिहिण्याचा धंदा शिकावा अशी आमच्या शाळेंतील पुष्कळ मुलांमुलींस हौस आहे. तो शिकविणाऱ्या संस्थाहि आज गांवोगांवीं निघाल्या आहेत. परंतु संस्था नव्हत्या, पुस्तकें नव्हतीं, फार काय यंत्रहि नव्हतें, तेव्हां एक बाई हें काम कशी शिकली, तें आम्ही येथें थोडक्यांत सांगतों.

एडा हिचा जन्म १० डिसेंबर १८१५ रोजीं लंडन येथें झाला. प्रख्यात कवि लॉर्ड बायरन हा तिचा पिता. पण ती कांहीं महिन्यांची असतांच त्यानें देश सोडला, तो कायमचाच. मुलीनें बापाच्या वळणावर जाऊं नये म्हणून आईनें तिला गणित शिकविण्याची व्यवस्था केली. १८३३ सालीं चार्ल्स बॅबेज यांच्या घरीं तिनें चक्रांचें गणनयंत्र पाहिलें. इतर पाहुणे नुसतें नवल करीत. एडानें त्याची रचना समजून घेतली.

लग्न व तीन मुलें झाल्यावर, १८४० च्या सुमारास, ती ऑगस्टस डी मॉर्गन यांजकडे टपालानें उच्च गणित शिकूं लागली. (हे गृहस्थ आपल्या मदुरेस जन्मलेले, हें पुष्कळांस ठाऊक नसेल.) तीं पत्रें आजहि उपलब्ध आहेत. न समजलेली पायरी ती पुन्हां विचारते, चूक कबूल करते. सरदार घराण्यांतील स्त्रीस याचा संकोच वाटूं नये, हें आम्हांस विशेष वाटतें.

बॅबेज यांचें दुसरें, अधिक मोठें यंत्र कागदावरच होतें. त्यावरील एका फ्रेंच निबंधाचें एडानें केलेलें भाषांतर १८४३ सालीं प्रसिद्ध झालें. त्यास जोडलेल्या तिच्या टीपा मूळ निबंधाच्या जवळजवळ तिप्पट होत्या. मागावर छिद्रें पाडलेल्या पुठ्ठ्यांनीं नक्षी उतरते, तशाच पुठ्ठ्यांनीं या यंत्रास हुकूम द्यावयाचे होते. बर्नुलीच्या संख्या काढण्यासाठीं कोणती क्रिया कोणत्या क्रियेनंतर करावी, याचा तक्ता तिनें शेवटच्या टीपेंत मांडला. हीच पहिली आज्ञावली असें अनेक विद्वान मानतात. तशीं टिपणें बॅबेज यांनीं आधींच केलीं होतीं, असाहि एक पक्ष आहे. आमच्या मतें याहून मोठी गोष्ट ही कीं, स्वरांचे संबंध नियमांत बसविले तर असें यंत्र संगीतहि रचूं शकेल, हें तिनें ओळखलें.

छापील तक्त्यांत एके ठिकाणीं भाज्य व भाजक यांची उलटापालट झालेली आहे. यंत्रच नसल्यामुळें तक्ता चालवून पाहण्याची सोय तिला नव्हती. पुढेंहि तें यंत्र पूर्ण झालें नाहीं. २७ नोव्हेंबर १८५२ रोजीं, अवघी ३६ वर्षांची असतां, ती कर्करोगानें वारली. ज्या पित्याची तिला आठवणहि नव्हती, त्याच्याच शेजारीं, हकनॉल येथील प्रार्थनामंदिरांत, तिच्या इच्छेप्रमाणें तिला ठेवण्यांत आलें.