लुसी विल्स : मुंबईच्या बायकांच्या रक्तातलं कोडं



सहावी ते बारावीच्या मुलामुलींना आठवड्यातून एकदा जी निळी गोळी मिळते, तिला आपण सरसकट लोहाची गोळी म्हणतो. तिच्यात ६० मिलिग्रॅम लोह असतं हे खरं, पण सोबत ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक आम्लही असतं. या दुसऱ्या घटकाची गोष्ट आपल्या महाबळेश्वरहून एसटीने एका दिवसात गाठता येईल अशा ठिकाणी, मुंबईत परळला सुरू झाली. त्या गोष्टीतल्या बाई म्हणजे डॉ. लुसी विल्स. त्यांची जयंती १० मे. तेव्हा शाळेला सुट्टी असते, त्यामुळे परिपाठात हे नाव सहसा येतच नाही.

लुसींचा जन्म १८८८ सालचा, इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमजवळचा. केंब्रिजच्या न्यूनहॅम कॉलेजात त्या वनस्पतिशास्त्र आणि भूगर्भशास्त्र शिकल्या. परीक्षा पास झाल्या, पण पदवी मिळाली नाही. केंब्रिज तेव्हा मुलींना पदवी देतच नसे, आणि हा प्रकार थेट १९४८ पर्यंत चालला! पहिलं महायुद्ध पेटलं तेव्हा त्या दक्षिण आफ्रिकेत होत्या. तिथे त्यांनी रुग्णसेवा केली, मग लंडनला परत येऊन १९२० साली डॉक्टर झाल्या.

१९२८ साली त्या मुंबईत हाफकिन संस्थेत आल्या. बाळंतपणात बायका का दगावतात याची चौकशी तेव्हा चालू होती. गरीब घरांतल्या, गिरण्यांत राबणाऱ्या बायकांना गरोदरपणात भयंकर रक्तक्षय होत असे आणि त्यात कित्येकींचा जीव जाई.

आता रक्ताची काच डोळ्यासमोर आणा. थेंबभर रक्त काचपट्टीवर पसरायचं, रंगवायचं आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरायचं. निरोगी तांबडी पेशी साधारण ७ ते ८ मायक्रोमीटरची, मधे किंचित फिकी. लोह कमी पडलं तर पेशी बारक्या आणि फिक्या दिसतात. या बायकांच्या रक्तात उलटंच होतं. पेशी कमी, पण ज्या होत्या त्या मोठाल्या. असं का होतं? पेशीचं विभाजन व्हायला केंद्रकातलं डीएनए आधी दुप्पट व्हावं लागतं. ते अडलं की पेशी वाढत राहते, विभागत नाही. (हे डीएनएचं स्पष्टीकरण पुढच्या काळातलं आहे बरं का.)

मोठ्या पेशींचा एक घातक आजार डॉक्टरांना माहीत होता. १९२६ पासून त्यावर यकृत खायला देऊन उपचार होत. म्हणजे इथेही तोच आजार, असं म्हणून मोकळं होणं सोपं होतं. लुसीबाईंनी ते केलं नाही. या रुग्णांत मज्जातंतूंची लक्षणं नव्हती. शिवाय त्या आजारावर चालणारा यकृताचा शुद्ध अर्क इथे चालेना, कच्चा अर्क मात्र चाले. काचेवरचं चित्र सारखंच, पण कारण निराळं! मला त्यांचं मोठेपण इथे वाटतं. काच काय बिघडलंय ते सांगते, का बिघडलंय ते सांगत नाही. ते शोधायला त्या या बायकांच्या ताटाकडे वळल्या. भाजीपाला, फळं, प्रथिनं, सगळ्याचीच वानवा होती.

मग दक्षिणेत कुन्नूरला त्यांनी उंदरांना तसंच निकस अन्न देऊन पाहिलं. उंदरांना रक्तक्षय झाला. पण त्यात उवांमधून आलेल्या जंतूंचा हात होता, असं पुढे निघालं. माकडांवरचे प्रयोग जास्त भरवशाचे ठरले. यीस्टपासून केलेलं मार्माइट नावाचं चाटण दिल्यावर ती सुधारली. रुग्ण बायकांनाही ते दिलं आणि काही दिवसांतच त्यांच्या रक्तात नव्या पेशी दिसू लागल्या. यकृताच्या मानाने हे औषध किती स्वस्त! १९३१ साली त्यांनी हे निष्कर्ष छापले. त्या अनोळखी घटकाला 'विल्स घटक' नाव पडलं. १९४१ साली अमेरिकेत पालकाच्या पानांतून तो वेगळा काढला गेला आणि लॅटिनमधल्या पानाच्या शब्दावरून फॉलिक आम्ल झाला.

पालकांनो, रक्ताच्या रिपोर्टवर 'एमसीव्ही' असा आकडा असतो. तो तांबड्या पेशींचा सरासरी आकार. १०० च्या वर गेला की पेशी मोठ्या समजतात. पण बी-१२ जीवनसत्त्व कमी असलं तरी पेशी अशाच मोठ्या होतात. तेव्हा नुसतं फॉलिक आम्ल मोठ्या मात्रेत घेत राहिलं तर रक्त सुधारल्यासारखं दिसतं आणि मज्जातंतूंची हानी मात्र चालूच राहते. लोह आणि फॉलिक आम्ल दोन्ही कमी असतील तर बारक्या आणि मोठ्या पेशी मिसळून सरासरी अगदी ठीक येऊ शकते! तेव्हा आकडा बघून घरीच औषध ठरवू नका, डॉक्टरांना विचारा. ताटात मात्र पालक, मूग, हरभरा आणि आपल्या साताऱ्याचा वाघ्या घेवडा असू द्या. आणि भाजी शिजवलेलं पाणी ओतून देऊ नका, फॉलिक आम्ल त्यात उतरतं.

लुसीबाई पुढे लंडनच्या रॉयल फ्री रुग्णालयात १९४७ पर्यंत काम करत होत्या. निवृत्तीनंतर चेल्सी भागात नगरसेवक झाल्या. लग्न केलं नाही. एप्रिल १९६४ मध्ये त्या वारल्या. त्यानंतर २७ वर्षांनी, १९९१ साली, एका मोठ्या चाचणीतून कळलं की गर्भ राहण्याआधीपासून फॉलिक आम्ल घेतलं तर बाळाच्या मेंदू आणि मणक्यातले जन्मजात दोष पुष्कळ टळतात.